नदीवर अडलेलं वचन

ही गोष्ट शंभर टक्के खरी. मी स्वतः त्या दरबारात हजर होतो. म्हणजे माझे खापरपणजोबा होते, आणि तेही त्या दिवशी तापानं घरीच झोपले होते.

तर झालं असं, की जहागीरदार हैबतराव नावेतून नदी ओलांडत होते. वारा आला, त्यांचं पागोटं पाण्यात पडलं आणि तुळोजी नावाडी फिस्सकन हसला. ना चौकशी, ना सुनावणी. तुळोजी थेट कोठडीत!

त्याची लेक साळू दरबारात आली. "सरकार, राजानं गादीवर बसतानाच पलीकडच्या घाटावर वचन कोरलंय. माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय मी कुणाला डांबणार नाही, असं."

"ते त्यानं स्वतःला घालून घेतलेलं बंधन, पोरी. मी काय राजा आहे? त्याचं वचन नदीवरच थांबतं. उद्या दुपारपर्यंत ते अलीकडे आणून दाखव. दगड हलवायचा नाही, राजाला बोलवायचं नाही. नाही जमलं, तर तुझा बाप वर्षभर आत."

दुसऱ्या दिवशी साळू पितळी लोटा घेऊन हजर.

"आणलंस वचन?"

"आधी सांगा, लोकांना डांबायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

हैबतरावांनी मिशीला पीळ देत सनद उंच धरली. "राजानं. गेल्या दसऱ्याला. हा बघ शिक्का."

"आणि ही सनद नदी ओलांडून आली कशी?"

"तुझ्याच बापाच्या नावेतून."

"बरं. ऊन फार आहे, थोडं ताक घ्या."

हैबतरावांनी लोटा तोंडाला लावला, उपडा केला, आत डोळा घालून पाहिला. "अगं, हा रिकामा आहे!"

"मग थेंब कुठून पडणार, सरकार? न ऐकता डांबायचा हक्क राजानं गादीवर बसतानाच सोडून दिला. जो त्याच्याकडेच उरला नव्हता, तो दसऱ्याला तुम्हाला कुठून दिला? सनद आली त्याच नावेतून वचनही आलंय. ते नदीवरच थांबलं म्हणत असाल, तर सनदही पलीकडे पोचवून येते. नाव तयार आहे."

दारावरच्या पहारेकऱ्यानं हळूच भाला भिंतीला टेकवला. सनदच गेली, तर तो पहारा कुणाचा करणार?

हैबतराव लाल झाले, जांभळे झाले, मग म्हणाले, "आणा रे तुळोजीला." तो आला. "बोल, का हसलास?"

"सरकार, एक मासा तुमचं पागोटं घालून वर आला. मला वाटलं, तुम्हीच पोहताय."

साळूनं कपाळाला हात लावला. आणि हैबतराव इतके हसले, इतके हसले, की नवं पागोटंही खाली पडलं! तुळोजी सुटला, साळूला नवीकोरी नाव मिळाली आणि राजाचं वचन अलीकडच्या घाटावरही कोरलं गेलं.

यातला मासा तेवढा माझ्या पदरचा. पागोटं खरं म्हणजे खेकड्यानं घातलं होतं.