चितारींचा मांडलेला पट

विषय : बाजारपेठेतील खेळांचे जुने दुकान वाचविणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, एका गावात एक खेळांचे दुकान होते. मालकाचे नाव रामचंद्र चितारी. आत कॅरमबोर्ड भिंतीला टेकून उभे असत. फळीवर गंजिफांच्या गोल पत्त्यांच्या डब्या, सारीपाटाची गुंडाळलेली कापडे आणि पत्र्याच्या पट्ट्या जोडून क्रेन करायची खोकी. आत शिरले की लाखेचा आणि बोरिक पावडरीचा वास येई.

या दुकानाने कधी जाहिरात केली नाही. पायरीशी बाकावर बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला असे आणि संध्याकाळी दोघे जण खेळत बसत. दोघे दिसले की तिसरा थांबे, चौथा चाल सुचवी, पाचवा चौथ्याला वेड्यात काढी. एवढा वेळ फुकट उभे राहिल्यावर लाजेखातर कोणीतरी पत्त्यांचा जोड तरी घेऊन जाई. चितारींचा सगळा धंदा या लाजेवर चालला होता.

खेळणाऱ्यांपैकी एक चितारी स्वतः. दुसरे वासुदेवराव कर्णिक, नगरपालिकेचे सेवानिवृत्त हेडक्लार्क. कर्णिक बहुतेक हरत आणि दोष उकाड्याला देत. तरी दिवसभरात त्यांना कुठे वेळेवर पोहोचायचे असेल, तर ते एवढेच ठिकाण होते.

पुढे कर्णिकांना त्यांच्या मुलाने फोनमध्ये बुद्धिबळ घालून दिले. त्यात ‘सोपी’ अशी एक पातळी होती. कर्णिक जिंकू लागले. त्यांचे दुकानात जाणे आधी कमी झाले, मग थांबले.

श्रावणात एके सकाळी चितारी त्यांच्या घरी आले.

“कर्णिकसाहेब, मुलगा म्हणतो दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर गाळा मोबाइलच्या कव्हरवाल्याला देऊ. तुम्ही पूर्वीसारखे संध्याकाळी येऊन बसा. एकटा माणूस पटापुढे बसलेला बघून कोणी थांबत नाही हो. विचारतात, बरं नाही का?”

कर्णिकांना भरून आले. त्या दुकानावर त्यांचा खरोखर जीव होता. म्हणून ते ताठ बसून म्हणाले, “नुसतं बसून काय होणार? मी अर्ज करतो. ऐतिहासिक ठिकाण म्हणून नोंद झाली, की दुकान हलवायची कोणाची टाप नाही!”

“अर्ज राहू दे. तुम्ही या.”

“अहो, सह्या नकोत का गोळा करायला?”

“मग संध्याकाळी?”

“संध्याकाळीच तर! लोक घरी सापडतात तेव्हा.”

कर्णिक कामाला लागले. मसुदा त्यांनी चारदा बदलला. घरोघर गेले. जो तो हळवा होई. एका डॉक्टरांनी तर डोळे पुसले. “माझा पहिला कॅरम तिथलाच! कधी बंद पडलं हो दुकान?”

“अजून चालू आहे.”

“असं?” म्हणून डॉक्टरांनी मोठी, वळणदार सही केली. दुकानात मात्र ते गेले नाहीत. कोणीच गेले नाही. सही केल्यावर जायचे कशाला?

सह्यांच्या फेरीत कर्णिक रोज पेठेतून जात. चितारी एकटेच पटापुढे बसलेले असत. ते समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे हात करत. कर्णिक काखेतली फाइल दाखवत आणि घाईने पुढे सरकत.

दसऱ्यानंतर अर्ज नगरपालिकेत दाखल झाला. मग पोचपावतीची नक्कल आली, त्रुटी निघाली, तिची पूर्तता झाली. दिवाळी संपल्यावर कर्णिक मोकळे झाले आणि अंगावर इस्त्रीचा सदरा चढवून खेळायला निघाले. पायरीपाशी बाक नव्हता. तिथे मोबाइलची रंगीत कव्हरे टांगली होती.

चितारींना मुलाने पुण्याला नेले होते. कर्णिकांनी फोन लावला.

“चितारी, अर्ज दाखल झाला बरं का!”

“छान झालं, साहेब.” चितारींच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर कर्णिकांना सोपे गेले असते. “इथे खाली बागेत दोघं जण खेळतात. मी बघत उभा राहतो.”

काही महिन्यांनी नगरपालिकेतून बोलावणे आले. टेबलाशी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला सुर्वे होता.

“साहेब, दुकानच राहिलं नाही. अर्ज मागे घेतो, अशी एक ओळ लिहून द्या. निकाली काढून टाकतो.”

असल्या ओळी कर्णिकांनी जन्मभर लोकांकडून लिहून घेतल्या होत्या. त्यांनी पेन उघडले, कागद पुढे ओढला आणि टोपण लावून पेन परत खिशात ठेवले.

“राहू दे रे सुर्वे. असू दे तसाच.”

सबब, सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.

तात्पर्य: ज्याने आपली सोबत मागितली, त्याला सोबतच द्यावी; तिच्याऐवजी केलेली धावपळ आपले समाधान करते, त्याच्या उपयोगी पडत नाही.