ताईच्या काचऱ्या

ताईच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. तिच्या आवडीच्या बटाट्याच्या काचऱ्या मी पिंडाशेजारी ठेवायला गेलो, तर भावकीतले विद्वान गजाननतात्या गरजले, "थांब! बटाटा हा शब्दच परका. कुठल्या तरी दूरच्या बेटांवर जन्मला, पोर्तुगिजांबरोबर इथे आला. इथे चालायचा नाही!"

माझं डोकं फिरलं. "तात्या, सात समुद्र ओलांडून तो आमच्या चुलीपर्यंत आला, तेव्हा कुणी अडवला नाही. आता ताई दोन हातांवर उरली, तर तुम्ही त्याची वाट अडवता?"

तात्या बाजूला झाले. मी काचऱ्या ठेवल्या आणि कावळा लगेच शिवला.

"सुटली बिचारी," सगळे म्हणाले.

उगाच जिंकलो मी. कावळा शिवत नव्हता, तोवर ताई इथेच होती.