मुकी घंटा

राज्यांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

डोंगरावर राजवाडा होता, पायथ्याशी गाव आणि गावाच्या डोक्यावर भला मोठा तलाव. वेशीपाशी एक प्रचंड घंटा टांगलेली असे. संकट आलं की गावाने ती वाजवायची आणि राजवाड्यातून मदत धावून यायची, अशी रीत होती.

पुढे दरबाराने एक शहाणपणा केला. ज्या ठाणेदाराच्या गावची घंटा वर्षभर वाजणार नाही, त्याचा कारभार उत्तम समजायचा. त्याला दसऱ्याच्या दरबारात बढती!

या गावच्या ठाणेदाराला दिवाण व्हायचं होतं. दुसरं काहीच व्हायचं नव्हतं.

दसरा तोंडावर आला आणि तलावाच्या बांधाला भेग पडली. माणसं घंटेकडे धावली. ठाणेदार आडवा आला.

"जरा दम धरा की! माझी बढती होऊ दे, मग बडवा हवी तेवढी."

"आणि बांधाने दम धरला नाही तर, बाबा?" त्याच्या लेकीने विचारलं.

"तू गप्प बस. हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने घंटेच्या आतली लोखंडी जीभ काढली आणि विहिरीत टाकली.

तुम्ही म्हणाल, राक्षसच असेल. छे! लेकीवर त्याचा जीव होता. म्हणून तर जास्त चीड येते.

दसऱ्याला राजवाड्यात दरबार भरला, गावोगावचे ठाणेदार जमले. राजाने सज्जातून कान दिला. "ऐका, किती शांत आहे! याला म्हणतात कारभार."

ठाणेदाराने खाली पाहिलं. घंटा हलत होती. वेड्यासारखी हलत होती. दोराला त्याची लेक लोंबकळत होती आणि मागून पाणी येत होतं.

शेजारच्या ठाणेदारांनाही ते दिसलं. कुणी बोललं नाही. त्यांच्याही गावच्या घंटा मुक्याच होत्या.

त्याने ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात दिवाणपदाचा शेला समोर आला. त्याने तोंड मिटलं. एवढा खांद्यावर पडू दे, लगेच सांगतो.

शेला पडला. मग त्याने टाहो फोडला. स्वार दौडत खाली गेले, तेव्हा वेशीवर फक्त पाणी होतं.

तो दिवाण झाला. त्याला रोज शेकडो मुजरे होत. 'बाबा' म्हणणारं कुणी नव्हतं.

तात्पर्य: बढतीसाठी जो लोकांचा आवाज बंद करतो, त्याला आपल्या माणसाची हाकही ऐकू येत नाही.