पायाखालचं पाकीट

शाळेत पौष्टिक आहाराचा कार्यक्रम होता. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब दळवे तासभर मटकी आणि ताकाचं कौतुक करत होते, पोरं उन्हात भाजत होती. मग त्यांनी दप्तरं तपासायला घेतली. सातवीतल्या भैरवी तुपेच्या दप्तरात वेफर्सचं पाकीट सापडलं. तिची आई पालकांत बसली होती. तिलाही पुढं उभं केलं.

"बाई, पोरीला भाकरी करून द्यायला हात दुखतात का? असलं विष चारता?" आबासाहेब माइकवरून म्हणाले.

आई मान खाली घालून रडायला लागली. गुरुजी लोक हसले. लाज त्यांना वाटायला हवी होती, वाटली तिला.

"हे पाकीट सगळ्यांसमोर तुडव," आबासाहेबांनी फर्मावलं. "नाहीतर उद्यापासून शाळेत यायचं नाही."

भैरवीनं पाकीट जमिनीवर ठेवलं आणि विचारलं, "आबासाहेब, उताणं तुडवू की पालथं?"

"काय फरक पडतो गं?"

"पालथं तुडवलं तर नुसते वेफर्स मोडतील. उताणं तुडवलं तर तुमच्या तोंडावर पाय पडेल."

पाकिटावर आबासाहेबांचा हसरा फोटो चिकटवला होता. खाली छापलं होतं, 'वाढदिवसानिमित्त खाऊवाटप'. कालच त्यांच्या कार्यकर्त्यांनी ही पाकिटं शाळाभर वाटली होती आणि गुरुजींनीच पोरांच्या रांगा लावल्या होत्या.

आता कुणी हसेना. आबासाहेबांनी स्वतः वाकून पाकीट उचललं आणि खिशात कोंबलं. गुरुजी जमिनीकडे बघत बसले.

भैरवीच्या आईची माफी मात्र एकानंही मागितली नाही. शिकलेली माणसं होती सगळी.