खरकट्या पाण्यावरचा अळू

“खरकट्या पाण्यावर वाढलेला अळू देवाच्या नैवेद्यात? आणि तुम्हाला हे चालतं, बुवा?”

नीळकंठला मठात येऊन तीन महिने झाले होते. माणूस विद्वान, आणि ते कुणाला विसरू देत नसे. स्वयंपाकघरामागच्या मोरीकडे मात्र तो आज पहिल्यांदाच फिरकला होता. तिथे द्वारकाकाकू भांडी घासत होत्या आणि ते पाणी थेट अळवात जात होतं. एकेक पान सुपाएवढं.

मठाचे गुरू रंगोबुवा हसले. “काल तीन वाट्या भाजी खाल्लीस. तेव्हा नाही विचारलंस!”

नीळकंठ चिडला.

“मी शुद्ध अळू वाढवून दाखवतो. उत्सवाचा नैवेद्य त्याचाच होईल. झाला, तर मला दीक्षा द्याल?”

“देईन की.”

त्याच दिवशी त्याने मोरीकडचे चार कंद उकरले, स्वच्छ धुतले आणि तुळशीवृंदावनाशेजारी उंचावर, उन्हात लावले. सकाळ-संध्याकाळ तांब्याने विहिरीचं पाणी घालायचा, तेही गाळून. वाफ्याजवळ कुणी चूळ भरली, तर अंगावर धावून जायचा.

दीड महिन्याने उत्सव आला. वाफ्यातली पानं जेमतेम तळहाताएवढी होती, कडा पिवळ्या पडलेल्या. नैवेद्याच्या वाटीलाही ती पुरली नसती.

नीळकंठ मान खाली घालून मोरीकडे गेला.

“काकू... थोडी पानं मिळतील?”

“न्या की. देवाचीच आहेत.” काकूंनी टोपली भरून दिली.

दुपारी पंगत उठली. नीळकंठ तांब्या घेऊन वाफ्यापाशी उभा होता. हात धुवायला बुवा मोरीकडे गेलेच नाहीत. खरकटा हात घेऊन ते थेट त्याच्यापाशी आले.

“बुवा, इथे नको!”

“का? दीड महिना उपाशी आहे बिचारा.” त्यांनी वाफ्यावर हात धरला. “पाणी घाल.”

नीळकंठने एकवार त्या पिवळ्या पानांकडे पाहिलं.

मग त्याने तांब्या कलता केला. बुवांच्या बोटांना लागलेली भाताची शितं अळवाच्या मुळाशी पडली. नीळकंठला स्वतःची फार लाज वाटली.

तरी त्याला राहवेना.

“आणि... दीक्षा?”

बुवांनी उपरण्याला हात पुसले.

“उद्यापासून सगळी पंगत इथेच हात धुवेल. पाणी तू घालायचं. पान सुपाएवढं झालं, की दीक्षेचं विचार... तेव्हाही विचारावंसं वाटलं, तर.”