ओढ्याशी वैर

"बाबा, ओढ्याला मारता येतं का?"

डोंगरमाथ्यावरच्या तक्यात, आपल्या झोपडीत, हुसेनबाबा फकीर कांदा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कशानं मारणार?"

"या पहारीनं. त्याच्या पात्रात दगडांची भिंत घातली होती मी. काल तीही नेली त्यानं."

"तीही? आधी काय नेलं?"

"माझा दादा..."

बैल सोडवायला पुरात उतरला होता तो. आता वहिनीचं दारापुढचं शेतही दर पुरात ढासळत होतं.

बाबांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. पाऊस भुरभुरत होता. करंगळीएवढी एक धार उताराला लागली होती. बाबांनी तिच्यापुढं आडवा पाय ठेवला. धार थांबली, पसरली, मातीत मुरली.

"हा तुझा वैरी."

"हा? एवढासा?"

"इथं एवढासाच असतो. तू त्याला मोठा होऊ देतोस, आणि मग खाली जाऊन मारामारी करतोस. गाढवा!"

मी तिथंच पहार घातली. उताराला आडवे चर खणत सुटलो. घाईत एक चर तिरका गेला. पाणी त्यातूनच धूम पळालं.

"वैऱ्याला सडक बांधून दिलीस की रे!" बाबा खो खो हसले.

तो बुजवला. दोरी धरून, पातळी बघून पुन्हा खणला. गावही आधी हसलं, मग कुदळी घेऊन वर आलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत आम्ही डोंगर खणून काढला.

पुढच्या वर्षी हस्ताचा पाऊस कोसळला. मी पहार घेऊन काठावर उभा. लोंढा आलाच नाही... ओढा आला तो चालत, नितळ, घोट्याएवढा. शेताचं ढेकूळही हललं नाही.

फाल्गुनातही तो वाहत होता. विहिरी भरलेल्या. वहिनीचा गहू कापणीला आला, तेव्हा गावानं हलगी वाजवत मला खांद्यावर घेतलं. बाबाही डोंगर उतरून आले.

"हरवला, बाबा! दादाला नेणाऱ्याला हरवला!"

मी ओरडलो, आणि एकाएकी रडू फुटलं.

"आता... आता या वैऱ्याचं काय करू?"

वहिनीनं बाबांसाठी पाण्याचा तांब्या आणला होता. बाबांनी तो माझ्या हातात दिला. ओढ्याकडं बोट केलं.

"दारापर्यंत चालत आलाय. पाणी विचार त्याला."