ज्यांच्यावाचून काही अडले नाही

एकदा एका संशोधन संस्थेत एक वृद्ध आचार्य होते. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा सूत्रकृमींच्या अभ्यासात त्यांनी उभी हयात घालवली होती. त्यांची शिष्या शाल्मली. तिचे काम ऐकायला सोपे, करताना जीव काढणारे! कृमींना विशिष्ट जिवाणू खाऊ घालायचे, त्या अन्नावाटे एकेक जनुक मुके करायचे, म्हणजे बंद पाडायचे, आणि कृमीचे काय बिघडते ते पाहायचे. जे बिघडेल, ते त्या जनुकाचे काम. अशी हजारो जनुके, दर जनुकाला कृमींची वेगळी बशी, म्हणजे हजारो बश्या.

काही बश्यांत कृमी लुळे पडले, काहींत अंडी घालेनासे झाले. पण बहुतेक बश्यांत? काही म्हणता काही नाही, खाऊनपिऊन मजेत! प्रबंध देण्याची वेळ आली, तशी शाल्मली रडकुंडीला आली. अखेर काहीच न बिघडलेल्या त्या साऱ्या बश्या फेकायला घेऊन ती आचार्यांना म्हणाली, "सर, ही जनुकं बिनकामाची आहेत. माझी सगळी वर्षं पाण्यात गेली."

आचार्यांनी तिला थांबवले. त्यांनी त्या बश्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, शेजारी एकही जनुक मुके न केलेल्या साध्या कृमींची एक बशी ठेवली आणि तापमान चढवले.

"अहो सर, मरतील ना बिचारे!"

"बघू या," म्हणत ते चहाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाल्मलीने सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि ती चाटच पडली. साधे कृमी छान वळवळत होते. तिच्या बश्यांपैकी कित्येकांतले मात्र निपचित पडले होते.

आचार्य म्हणाले, "अगं, तू त्यांना पोटभर अन्न दिलंस, सुखाची हवा दिलीस. सुखात कोण कोणाला सांभाळतंय, ते कसं दिसणार? ही जनुकं उन्हाळ्यासाठी राखण करत बसली होती. तू उन्हाळा आणलाच नाहीस आणि राखणदाराला रिकामटेकडा ठरवून मोकळी झालीस! जी अजून गप्प आहेत, त्यांची वेळ आपल्याला सुचलेली नाही, किंवा त्यांचा भार दुसऱ्या कोणी उचलला आहे. बिनकामाचं म्हणण्याची घाई नको."

शाल्मलीचे डोळे भरून आले. "सर, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? या कृमींचे उपकार मान."

तिने खरोखरच त्या निपचित कृमींपुढे हात जोडले.

आपलेही सारे सुरळीत चालले असेल, तर ते कोणामुळे, हे आजच शोधावे. ऊन तापल्यावर आभार मानायला तो माणूस असेलच असे नाही.